आण्णा गेल्याचं सरकारला आपोआप कळतं का?

प्रश्न : आमचे आण्णा गेल्या महिन्यात परळच्या एका रुग्णालयात गेले. तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी म्हणून त्यांची उभी हयात गेली. कोपरखैरण्याचं घर त्यांच्या नावावर आहे, गावी जावळी तालुक्यात थोडी जमीन आहे, दोन बँकांत खाती आहेत, एक जुनी मोटारसायकल आहे. मागे आई, मी, लग्न झालेली बहीण आणि गावी ऐंशी पार केलेली आजी. मृत्यूचा दाखला निघाला की बाकी ऑफिसांना आपोआप कळत असेल, अशी माझी समजूत होती. पण बँकेचे मेसेज आण्णांच्या मोबाइलवर अजून येतात आणि सोसायटीचं बिलही त्यांच्याच नावाने. भावकीतले म्हणतात, तेराव्याला बहीण आली होती तेव्हाच तिची सही घेऊन टाकायची. आधी कशाच्या मागे लागू?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : नाही कळत. तुमच्या कुतूहलाचं उत्तर एवढंच, आणि पुढची सगळी धावपळ त्यातूनच निघते. माणसाचं नाव जन्मभर वेगवेगळ्या दप्तरांत चढत जातं: महापालिकेच्या, तलाठ्याच्या, बँकेच्या, सोसायटीच्या, आरटीओच्या. एका दप्तरात तो वारला तरी बाकीच्यांत तो हयातच असतो, घरचं कोणी दाखल्याची प्रत घेऊन खिडकीपाशी उभं राहीपर्यंत. याची कबुली सरकारनेही दिली आहे. एप्रिल २०२५ पासून महसूल विभागाला राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली, कारण गावोगावच्या उताऱ्यांवर कधीच वारलेले खातेदार अजून जमीन कसत होते. उलटा प्रकारही आपल्या देशात घडला आहे. उत्तर प्रदेशात आझमगढच्या लाल बिहारींना महसुली दप्तरात मृत दाखवलं गेलं आणि आपण जिवंत आहोत हे कागदावर सिद्ध करायला त्यांना १९९४ साल उजाडलं.

ब्रिटनमध्ये ‘टेल अस वन्स’ नावाची सोय आहे. मृत्यूची नोंद करताना एकदा सांगितलं की बहुतेक सरकारी खात्यांना निरोप जातो. आपल्याकडे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. मृत्यूची राष्ट्रीय नोंद ठेवून ती मतदारयादी, आधार, रेशन वगैरेंना देण्याची तरतूद त्यात आहे. तरतूद चांगली आहे, पण तिच्या भरवशावर घरी बसू नका. बँक आणि सोसायटीला तर तुम्हीच सांगायचं आहे.

तर वाऱ्या करायच्याच आहेत. माझं म्हणणं एवढंच की त्यांची दोन गाठोडी करा. एकात मुदतीची कामं, दुसऱ्यात सहीची. मुदतीची कामं मन लागत नसलं तरी उरकावी लागतात. सहीची कामं मात्र कोणी कितीही घाई केली तरी सावकाश करायची. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. दाखल्याचं स्पेलिंग बघायला कोणाला सवड नसते आणि हक्कसोडपत्राचा मसुदा तेराव्याच्या जेवणाआधी तयार असतो.

पहिलं गाठोडं दाखल्यापासून सुटतं. मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते, राहता पत्ता कुठलाही असो. आण्णा परळला गेले म्हणजे त्यांची नोंद मुंबई महापालिकेकडे. अंत्यसंस्कार कोपरखैरण्याला झाले असले तरी इथल्या विभाग कार्यालयात ती सापडणार नाही. नवी मुंबईत तर यात आणखी एक मेख आहे. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका आणि ठाणे जिल्हा. बेलापूरच्या पुढे खारघर-कामोठ्यात गेलात की २०१६ पासून पनवेल महापालिका आणि जिल्हा रायगड. पत्ता आपण दोन्हीकडे ‘नवी मुंबई’च लिहितो आणि मग माणसं चुकीच्या रांगेत उभी राहतात.

रुग्णालयात मृत्यू झाला तर नोंद कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची. मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं. त्यापुढे वर्षभरापर्यंत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं तर थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. तुमच्या बाबतीत रुग्णालयाने कळवलेलं असणार, फक्त दाखला हातात आला का ते बघा. आठ-दहा मूळ प्रती एकदमच काढून घ्या.

आता त्या दाखल्यावरचं नाव. आण्णांच्या कागदांची पिशवी उघडायचा धीर होत नाही असं म्हणू नका. उघडा, पण पहिल्या दिवशी मजकूर वाचू नका, नुसतं नाव वाचत चला. अशा पिशवीत हमखास काय निघतं ते सांगतो. आधारवर ‘दत्तात्रय’, बँकेत ‘दत्तात्रेय’, सातबाऱ्यावर ‘दत्तू’, माथाडी बोर्डाच्या पुस्तकात ‘दत्ताराम’, आणि रुग्णालयाच्या फॉर्मवर रात्री दोन वाजता पुतण्याने घाईत सांगितलेलं पाचवंच काहीतरी. माणूस एकच आहे हे अख्ख्या आळीला ठाऊक असतं, खिडकीतल्या कारकुनाला नसतं. दाखल्यातलीच चूक असेल तर ती निबंधकाकडे अर्ज करून आधी दुरुस्त करून घ्या, कारण पुढचा प्रत्येक कागद याच कागदाला जोडला जाणार आहे. बाकी कागदांतल्या फरकासाठी ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र एकदा नीट करून ठेवलं की सगळीकडे उपयोगी पडतं.

आण्णांचा मोबाइल बंद करू नका. पुष्कळ घरांत भावनेच्या भरात किंवा बिल वाचवायला सिम बंद होतं आणि मग विमा, गॅस, म्युच्युअल फंड, वीजबिल यांचे ओटीपी आणि सूचना हवेत जातात. प्रीपेड असेल तर छोटा रिचार्ज मारत राहा. वापर नसलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला जाऊ शकतो. मात्र फोन चालू ठेवायचा तो निरोप कळावेत म्हणून. त्यावरून यूपीआयने पैसे काढायला नव्हे.

दोन्ही बँकांची पासबुकं भरून आणा आणि मे-जूनच्या ओळी बोटाने तपासा. दरवर्षी एकदा ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, दोन लाखांची. हा विमा वयाच्या ५५ पर्यंतच चालतो. २० रुपये वजा दिसले तर सुरक्षा विमा योजना. तो ७० पर्यंत, पण अपघातासाठीच. आण्णांच्या वयाला पहिला बसेल की नाही ते तुम्हीच ताडून बघा. ज्या घरात तरुण माणूस गेला आहे तिथे मात्र ही एक ओळ दोन लाखांची असते आणि ती कोणाच्या लक्षातच येत नाही. दावा शक्यतो ३० दिवसांत करायचा असतो. एलआयसीचे हप्तेही याच पासबुकात दिसतात. पॉलिसीचा कागद सापडत नसला तरी हप्त्याची नोंद हा धागा पुरेसा असतो.

माथाडी बोर्डाकडे आण्णांचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी जमा असणार. टोळीच्या मुकादमाला गाठा, टोळी क्रमांक आणि नोंदणी क्रमांक घ्या, बोर्डात वारस म्हणून कोणाचं नाव लिहिलंय ते विचारा. लग्नाआधी नोंदवलेलं नाव कित्येकांनी पुढे बदललेलंच नसतं. तिथे आईऐवजी आजीचं नाव निघालं तर दचकू नका. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत नोकरीत असताना कोणी गेलं असेल तर त्या घरांसाठी वेगळी गोष्ट. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी हे बहुतेकांना माहीत असतं. तिसरा ५-आयएफ मात्र विसरला जातो. तो ठेवीशी जोडलेल्या विम्याचा आहे, कमाल सात लाखांपर्यंतचा, आणि त्यासाठी कामगाराच्या पगारातून काहीच कापलेलं नसतं, म्हणून तो आहे हेच कोणाला ठाऊक नसतं.

बँकेत जाल तेव्हा पहिला प्रश्न येईल, नॉमिनी कोण? नॉमिनी असेल किंवा ‘दोघांपैकी कोणी किंवा हयात’ असं जोडखातं असेल, तर बँकेने त्या व्यक्तीला पैसे द्यायचे, कोर्टाचा कागद मागायचा नाही. नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आहेत आणि ते बँकांनी ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू करायचे होते. व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत पाच लाखांपर्यंतची रक्कम कोर्टात न जाता, हमीपत्र आणि इतर वारसांच्या ना-हरकतीवर मिळते. कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. उशीर बँकेमुळे झाला तर बँक रेटपेक्षा चार टक्के जास्त दराने व्याज. शाखेतल्या साहेबांना हे ठाऊक नसेल तर वाद घालू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आण्णांचे पैसे गावच्या पतसंस्थेत असतील तर मात्र हे निर्देश तिथे चालत नाहीत; पतसंस्था सहकार खात्याखाली येतात.

नॉमिनी या गोष्टीवर थोडं थांबतो, कारण भांडणं इथूनच सुरू होतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे कोणाच्या हातात ठेवायचे हे त्याने ठरतं, कोणाचे हे ठरत नाही. यावरचा ताजा मोठा निकाल एका मराठी घरातला आहे. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकर ऑगस्ट २०१३ मध्ये गेले. त्यांच्या मागे काही गुंतवणुकींवर नॉमिनी नेमलेले होते आणि मृत्युपत्रही होतं. शेअरमध्ये नॉमिनीच मालक होतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१० मधल्या एका निकालाने म्हटलं होतं आणि त्याच्या आधारावर वाद उभा राहिला. खंडपीठाने २०१६ मध्ये ते मत खोडलं आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. नॉमिनीला रक्कम मिळते ती वारसांच्या वतीने, वारसाहक्काचा कायदा किंवा मृत्युपत्र त्याने बाजूला पडत नाही. ज्यांच्या दिनदर्शिकेत बघून महाराष्ट्र श्राद्धाची तिथी ठरवतो, त्यांच्याच घरच्या खटल्याने हा प्रश्न सुटावा, याची गंमत वाटते.

म्हणजे वारस कोण हे आधी नक्की करा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने आण्णांच्या स्वतःच्या मिळकतीत पहिल्या वर्गाचे वारस चार: तुमची आई, तुम्ही, बहीण आणि आजी. चौघांचे हिस्से सारखे. आजीचं नाव तुम्ही पत्रात अगदी शेवटी घातलंत आणि भावकीने तर ते घेतलंच नाही. मुलगा गेला तर आईला हिस्सा मिळतो हे आपल्याकडे सुशिक्षितांनाही सांगावं लागतं. बहिणीचं लग्न झालं म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही, आणि गावच्या वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी तो प्रश्न मिटवला आहे.

आता दुसरं गाठोडं, सहीचं. तेराव्याला सही घेतली नाहीत हे उत्तम केलंत. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. स्टॅम्पपेपरवर घरी केलेल्या सहीला किंमत नाही, आणि भावकीच्या पंगतीत घेतलेल्या सहीमुळे पुढे कोर्टात ‘दबावाखाली घेतली’ एवढंच ऐकायला मिळतं. तिला दोन-तीन महिने जाऊ द्या. घराची आणि जमिनीची आजची किंमत तिला सांगा. मग ती सही करो न करो, तुमचं येणं-जाणं राहील.

घराचं काम दोन टप्प्यांचं आहे. पहिला सोसायटीचा. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी नवं प्रकरण आलं. त्यानुसार सभासद वारल्यावर संस्था नॉमिनीला फक्त तात्पुरता सभासद करून घेते, खरे वारस किंवा हक्कदार येईपर्यंत. नॉमिनी नसेल तर वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात. शेवटी शेअर सर्टिफिकेटच्या पाठीमागच्या तक्त्यात नवं नाव चढतं आणि अध्यक्ष-सचिवांच्या सह्या होतात. तो तक्ता नीट बघून घ्या. तारीख राहिली, सही एकच झाली असे प्रकार घर विकायच्या वेळी उघडकीला येतात. आणि एक गोष्ट कमिटीला ठामपणे सांगा: विक्रीच्या वेळी घेतात तो जास्तीत जास्त २५ हजारांचा हस्तांतरण अधिमूल्याचा आकडा वारसांना लागू नाही. प्रवेश फी आणि हस्तांतरण फी मिळून काही शे रुपयांचं काम आहे. ‘बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या’ असं कोणी म्हटलं तर पावती मागा, सूर लगेच बदलतो.

दुसरा टप्पा सिडकोचा आणि तो इथल्या लोकांना हमखास अर्ध्यावर सोडायची सवय आहे. नवी मुंबईची जमीन शहर वसवणाऱ्या सिडको महामंडळाची. तुमची-आमची घरं भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभी आहेत, पट्टा मूळचा ६० वर्षांचा. सोसायटीच्या दप्तरात आईचं नाव लागलं, मालमत्ता कराचं बिल आईच्या नावाने यायला लागलं, की माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. सिडकोच्या नोंदीत आण्णाच राहतात. माथाडी वसाहतीतल्या घरांबाबत हे फार दिसतं. दहा वर्षांनी पुनर्विकास आला किंवा घर विकायला काढलं की घेणाऱ्याचा वकील पहिल्या दिवशी विचारतो, सिडकोत कोणाचं नाव आहे? तोवर एखादा वारसही गेलेला असतो आणि मग त्याचे वारस शोधायचे. बेलापूरच्या सिडको भवनात आत्ताच वारस म्हणून हस्तांतरणाचा अर्ज द्या.

सिडको, किंवा रक्कम मोठी असेल तर बँक, कोर्टाचा दाखला मागेल. इथे तीन कागदांची गल्लत होते. तहसीलदाराचा वारस दाखला पेन्शनसारख्या कामांपुरता. ठेवी, रोखे, शेअर यांसाठी १९२५ च्या कायद्याखालचं उत्तराधिकार प्रमाणपत्र. आणि घरा-जमिनीसाठी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला. हा तिसरा आपल्याला मिळतो तो मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या विनियमाखाली. पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचा, एल्फिन्स्टनच्या काळातला तो नियम आहे आणि नवी मुंबईच्या फ्लॅटला अजून चालतो. सिडकोने संपादित जमिनीच्या बदल्यात देऊ केलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडासाठी घणसोली, दिवाळे, करावे इथल्या आगरी-कोळी कुटुंबांनी या दाखल्यासाठी किती तारखा घातल्या हे त्यांना विचारा. आधी वकिलाला एवढंच विचारा की समोरच्या ऑफिसाने लेखी नेमका कुठला दाखला मागितला आहे. तोंडी सांगण्यावर कोर्टात जाऊ नका. मृत्युपत्र निघालं तर ‘प्रोबेट आणा’ असंही काही जण सवयीने सांगतात. ती सक्ती मुंबई शहराच्या हद्दीतल्या मालमत्ता आणि मृत्युपत्रांपुरती होती. नवी मुंबई त्या हद्दीत नाही.

गावच्या जमिनीला मात्र मुदत आहे. जमीन महसूल कायद्याने वारसाहक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र द्या. ‘ई-हक्क’वरून ऑनलाइन अर्जही करता येतो. गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत नोंद होते, मग फेरफार पडतो आणि मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. अर्जात चारही नावं घाला. बहिणीचं नाव ‘नंतर बघू’ म्हणून वगळलं जातं आणि तोच फेरफार वीस वर्षांनी प्रांताकडे अपिलात उभा असतो.

मोटारसायकलचं लहान काम आहे, पण तेही मुदतीचं. मालक गेल्याचं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचं. एमएच-४३ म्हणजे वाशीचं आरटीओ. नाव आणि विमा बदलल्याशिवाय भाच्याला चावी देऊ नका.

प्रश्न : सासरे गेले त्या संध्याकाळी दिरांनी त्यांचं एटीएम कार्ड वापरून चाळीस हजार काढले, अंत्यविधीच्या खर्चासाठी. हे चालतं का?
— एक वाचक, सानपाडा

उत्तर : सगळ्या घरांत होतं, पण चालत नाही. खातेदार गेल्यावर कार्ड वापरायचा अधिकार मुलालाही उरत नाही आणि उद्या एखाद्या वारसाने तक्रार केली तर उत्तर देणं जड जाईल. खर्चाच्या पावत्या जपून ठेवा, बाकीच्या वारसांना आकडा आजच सांगा, कार्ड कपाटात ठेवा आणि बँकेला कळवा. सासऱ्यांच्या नावाने अजून भाडं किंवा लाभांश येत असेल तर बँक त्यासाठी मृत व्यक्तीच्या मालमत्तेच्या नावाने वेगळं खातं उघडू शकते, ते विचारा. पेन्शन जमा होत असेल तर ती परत करावी लागते. विसरलेलं जुनं खातं आहे अशी शंका असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नावाने शोधा. दहा वर्षं न वापरलेल्या ठेवी तिथे दिसतात.

प्रश्न : आई घरी रविवारी पहाटे गेली तर काय करायचं? तिचे डोळे द्यायची तिची इच्छा आहे.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आजारात जे डॉक्टर बघत होते त्यांनाच फोन. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र (घरच्या मृत्यूसाठी नमुना ४-अ) त्यांनीच द्यायचं असतं. त्याशिवाय स्मशानात आणि नोंदणीत अडतं. म्हणून वयस्कर माणूस घरी असेल तर दर काही महिन्यांनी डॉक्टरांना दाखवत राहा. अनोळखी डॉक्टर सही करत नाही आणि त्याचं बरोबरच आहे. डॉक्टर मिळालेच नाहीत किंवा मृत्यू पडून, भाजून, अपघाताने झाला असेल तर पोलीस ठाण्याला कळवावं लागतं आणि शवविच्छेदन होतं. ते टाळायला नातेवाइकांची ओळख वापरू नका, पुढे विम्याचा दावा त्या अहवालावर अवलंबून असतो. १०८ रुग्णांसाठी आहे. पार्थिव नेण्यासाठी महापालिकेची किंवा एखाद्या संस्थेची शववाहिनी सांगा.

डोळ्यांसाठी वेळ साधारण सहा तासांची. नेत्रपेढीचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवा. आईने फॉर्म भरला नसला तरी घरच्यांची संमती पुरते. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह यांची अडचण नाही. नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी घ्यायची. संपूर्ण देहदान करायचं असेल तर नेरूळ किंवा कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी आधी बोलून ठेवा. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत.

प्रश्न : भाऊ गेला. त्याचं पर्सनल लोन होतं. वसुलीवाले माझ्या दारात येतात.
— एक वाचक, कळंबोली

उत्तर : तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली होती का? नसेल तर तुमच्या खिशातून देणं लागत नाही. बँकेचं देणं भावाने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून वसूल होतं, तेवढ्यापुरतंच. वारसाला त्याच्याकडून जे मिळालं त्यापलीकडे जबाबदारी नाही. दाखल्याची प्रत जोडून बँकेला लेखी कळवा, कर्जाला विमा जोडलेला होता का ते विचारा (हप्त्यांच्या पहिल्या विवरणात त्याची रक्कम वेगळी दिसते) आणि दारातल्या माणसाकडे बँकेचं अधिकारपत्र मागा. भावाच्या नावाचं आयकर विवरणपत्र वारसाला भरावं लागेल. त्यासाठी ई-फायलिंगवर वारस म्हणून नोंदणी करा आणि ते झाल्यावरच पॅन परत करा, आधी नाही. आधारसाठी २०२५ पासून माय-आधार पोर्टलवर घरच्या माणसाला मृत्यूची नोंद करता येते. मतदारयादीसाठी फॉर्म ७. त्याच्या बायकोला हे सगळं एका दिवसात करायला लावू नका.